लाल पाटीवरचा नंबर

सामनगाव रस्त्यावरून जरा आत वळलं की एकमेकांना चिकटून उभी असलेली चार बैठी घरं लागतात. चारही घरांत मिळून एक लांब पॅसेज, एक पाण्याची टाकी, मीटरची एक पेटी, आणि गुपित मात्र एकही नाही. पहिल्या घरात फोडणी बसली की चौथ्या घरात शिंका येतात. अशा ठिकाणी एखाद्या माणसानं घरच्यांपासून आणि शेजाऱ्यांपासून काही लपवायचं ठरवलं, तर त्याच्या पाठीमागं फार मोठी भीती लागलेली असावी लागते. झुंबर पगारेंच्या ती लागली होती.

झुंबर पगारे म्हणजे दुसऱ्या घरातले आबा. उंच, काटकुळे, शर्टाच्या खिशाला कायम पेन, आणि बोलणं असं की पलीकडे यंत्र धडधडतंय अशा बेतानं. सगळी उमर वीज केंद्रात गेली. केंद्रातून वीज जिथं तारांवर चढते त्या उघड्या आवारात, जाडजूड खटक्यांच्या राज्यात ते नोकरीला होते. तिथं चूक झाली तर साहेब ओरडत नाहीत, थेट घरी पांढरी गाडी येते. त्यामुळे माणसं एकच कायदा जिवापाड पाळत. ज्या तारेवर कुणी काम करतंय तिच्या खटक्यावर लाल पत्र्याची पाटी टांगायची. पाटीवर टांगणाऱ्याचं नाव आणि त्याचा केंद्रातला फोन नंबर. पाटी दिसली की हात मागं. स्वतःची अक्कल चालवायची नाही, पाटीवरच्या नंबरला फोन लावून विचारायचं. आणि ज्यानं पाटी टांगली त्यानंच ती काढायची, मग मुख्य अभियंता का येईना.

आबांनी हा कायदा एकदाही मोडला नाही. त्यांची बदनामी झाली ती दुसऱ्याच कारणानं.

झालं असं, की ऐन तिशीत असताना एका संध्याकाळी त्यांना केबलच्या खोलीतून जळकट वास आला. क्षणाचा विचार न करता त्यांनी गावाला वीज नेणाऱ्या फीडरचा खटका पाडला. अर्ध्या नाशिक रोडचे दिवे गेले. तेव्हा टीव्हीवर भारताच्या मॅचची शेवटची षटकं चालू होती. लोकांनी केंद्राला फोन करून ज्या शिव्या घातल्या, त्या म्हणे ऑपरेटरनं हौसेनं लिहून ठेवल्या होत्या. आणि वास कसला? तर पॅनेलच्या मागं हीटरवर त्यांच्याच पाळीतल्या मोतीरामनं भरताचं वांगं भाजायला ठेवलं होतं. चौकशीला साहेब येईपर्यंत मोतीरामनं पुरावा भाकरीबरोबर खाऊन टाकला. वर दुसऱ्या दिवशी त्यानंच नाव पाडलं, ‘ब्लॅकआउट पगारे’.

ते नाव काही निघालं नाही. कॅन्टीनमध्ये चहा मागितला की “ब्लॅकआउटला एक कटिंग”, लग्नात आहेर पुकारताना मागून कुणीतरी “ब्लॅकआउट”, आणि रवी, म्हणजे आबांचा मुलगा, शाळेत ‘ब्लॅकआउटचा पोरगा’. एकदा तो रडत घरी आला, तेव्हापासून आबांनी घरात ते नाव घ्यायला बंदी केली. निवृत्तीनंतर नव्या ओळखीच्या एकाही माणसाला त्यांनी ते कळू दिलं नाही. मोतीराम नेमका चौथ्या घरात राहायला आला, हा नशिबाचा खोडसाळपणा. पण त्यालाही आबांनी तंबी दिली होती. “पुन्हा ते नाव काढलंस तर वांग्याची गोष्ट विहारात सांगीन.” मोतीराम गप्प बसला. मात्र आबांच्या मनात त्या दिवसापासून एक गोष्ट घट्ट बसली होती. उगाच आरडाओरडा करायचा नाही. पक्कं झाल्याशिवाय कुणाला काही बोलायचं नाही.

आणि गेल्या दिवाळीत पुन्हा तेच घडलं. कुरिअरचा मेसेज आला, आबांनी तो फसवणुकीचा ठरवला, दारात आलेल्या माणसाला हाकललं, चारही घरांना जमवून सावधगिरीवर भाषण दिलं. ते पार्सल म्हणजे रवीनं पुण्याहून आईला पाठवलेला मिक्सर निघाला. परत पुण्याला गेला.

रवी फोनवर हसला नाही, हेच वाईट झालं. म्हणाला, “आबा, तुम्हाला आता हे झेपत नाही. पुन्हा असा काही घोळ झाला ना, तर तुमचं कार्ड आणि फोनमधली बँक मी माझ्याकडे घेणार. तुम्ही आरामात बसा.”

आरामात बसा! आबांच्या ओळखीत ज्याला ज्याला पोरांनी आरामात बसवलं, त्याची पहिल्या महिन्यात दाढी वाढली आणि पुढच्या दिवाळीच्या आत फोटोला हार आला. आबांना ते नको होतं. त्यांच्या क्रेडिट कार्डावर चारही घरांचा कारभार चालायचा. तिसऱ्या घरातल्या वत्सलाबाईंचा गॅस सिलिंडर, कुणाचं मोबाईल रिचार्ज, कुणाच्या रेल्वेचं तिकीट. लोक रोख आणून द्यायचे, आबा चष्मा कपाळावर चढवून कार्डाचे अंक टाकायचे. विहारातला पावसाळ्याचा वर्षावास संपत आला होता, आणि दिवाळीनंतर गल्लीतल्या बायका बोधगयेला निघणार होत्या. त्यांचं बुकिंग दुसऱ्या दिवशी सकाळी उघडणार होतं. ते करायचं कुणी? आबांनी.

त्या आदल्या संध्याकाळी लताबाई, म्हणजे आबांच्या सौभाग्यवती, विहारात ग्रंथवाचनाला गेल्या होत्या. शेजारी वत्सलाबाईंच्या टीव्हीवर मालिकेतली सासू विष कालवत होती. ऊन उतरलं होतं, लांब केंद्राच्या चिमण्यांच्या टोकांवर लाल दिवे लागायला लागले होते. आबांचा फोन टिंग वाजला. ईमेल. वर लाल पट्टी, बँकेचं चिन्ह, खाली शुद्ध मराठी. “श्री. झुंबर पगारे, आपल्या कार्डावर संशयास्पद व्यवहार आढळल्याने आपल्या सुरक्षेसाठी ते गोठवण्यात आले आहे. खात्री करण्यासाठी येथे दाबा.” त्याखाली बारीक अक्षरात: “जबाबदार अधिकारी: संघर्ष साळवे”, आणि एक नंबर.

आता बघा गंमत. दुसरा कुणी असता तर त्यानं घाबरून त्या ‘येथे दाबा’वर बोट ठेवलं असतं, किंवा आळशी असता तर मेल न वाचताच झोपला असता, आणि त्या आळसानं त्याला वाचवलं असतं. आबा यातले नव्हते. आबा सावध होते. लिंकवर बोट ठेवायचं नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं, स्वतःवर खूश होऊन ते पुटपुटलेसुद्धा, “इतका का येडा हाय मी?” आणि मग त्यांच्या डोळ्यांसमोर लाल पट्टी होती, पट्टीवर माणसाचं नाव होतं आणि नावाखाली नंबर होता. सगळी उमर ज्या हातानं जे केलं, तेच तो हात करायला निघाला. पाटीवरच्या नंबरला फोन.

केंद्रात पाटी टांगणारा माणूस आपलाच असतो. बाहेरच्या जगात पाटी चोरालासुद्धा रंगवता येते, हे त्या हाताला कुणी शिकवलं नव्हतं.

“जय भीम,” आबा सवयीनं बोलून गेले.

पलीकडे क्षणभर काहीच नाही. जणू कुणी तो शब्द हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला. मग मऊ, तरुण आवाज आला. “जय भीम, काका. मी संघर्ष बोलतोय, कार्ड सुरक्षा विभाग. बरं झालं तुम्ही स्वतःहून फोन केलात. लोक लिंक दाबतात आणि फसतात.”

आबांची छाती फुगली. “आम्ही नाय तसले. आणि काका नको, सगळे आबा म्हणतात.”

“बरं आबा.”

आवाजानं कार्डाचे शेवटचे अंक बरोबर सांगितले. गॅसचं बिल सांगितलं. लताबाईंच्या थायरॉईडच्या गोळ्या कोणत्या दुकानातून येतात तेही सांगितलं. आबांना वाटलं, हे बँकेवाचून कुणाला माहीत असणार? दुकानाची आणि गॅसची पावती आपण दर महिन्याला कचरागाडीत टाकतो, त्या पावत्यांवर कार्डाचे शेवटचे अंक, नाव, मोबाईल नंबर, ईमेल सगळं असतं, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

“आबा, आज दुपारी दुबईतल्या एका दुकानात तुमचं कार्ड चाललंय.”

“दुबई? मी आयुष्यात मनमाडच्या पुढं दोनदा गेलोय, तेही रडत.”

आवाज हसला. छान हसला. मग हसू पुसून हळूच म्हणाला, “एक विचारू? राग मानू नका. घरात कार्ड कुणाच्या हाती जातं का?”

“छे.”

“आठवून बघा. बहुतेक वेळा बाहेरचं कुणी नसतं, आबा. घरचंच माणूस निघतं.”

आबांना आठवलं. मनाली. सून गेल्या महिन्यात आली होती, सासूची औषधं मागवते म्हणून कार्डाचा फोटो काढला होता. आणि रवी? रवीला ते कार्ड आपल्या ताब्यात कशाला हवं होतं एवढं? ज्या पोराला खांद्यावर बसवून गोदेचा पूर दाखवला, त्याच्याकडे ते मनातल्या मनात चोराकडे बघावं तसं बघायला लागले. एवढं व्हायला किती वेळ लागला? वत्सलाबाईंच्या टीव्हीवर एक जाहिरात संपायला लागतो तेवढा.

“म्हणून सांगतो,” आवाज म्हणाला, “काम होईपर्यंत घरात कुणाला बोलू नका. फोनही ठेवू नका. तुमचं नाव खराब होऊ द्यायचं नाहीये मला.”

हेच तर आबांना हवं होतं. कुणाला कळायला नको, रवीला तर मुळीच नको, सकाळी बुकिंग व्हायला हवं. ते उठले आणि पॅसेजकडचं दार लोटून घेतलं. त्या घरांच्या रांगेत दिवेलागणीलाच दार लोटलं, यावरूनच वत्सलाबाईंना काहीतरी कळायला हवं होतं. पण सासूनं विषाचा पेला नेमका तेव्हाच उचलला होता.

“आता कार्ड पुन्हा सुरू करायचं. मी एक छोटं ॲप पाठवतो. ते घ्यायचं, परवानग्या द्यायच्या, झालं.”

“म्हणजे परमिट परत करायचं,” आबा म्हणाले. “आमच्याकडे काम संपलं की परवानगीचा तो कागद परत करून पाटी काढत.”

“अगदी तसंच आबा. परमिट परत करायचं, पाटी काढायची.”

फोन स्पीकरवर टाकून आबा तो सांगेल तसं करत गेले. इथं होय, तिथं होय, पुन्हा होय. आवाज घाई करत नव्हता. “छान आबा.” “अगदी बरोबर आबा.” “तुमच्यासारखी माणसं असती तर आम्हाला कामच उरलं नसतं आबा.” एवढं कौतुक आबांनी सगळ्या नोकरीत ऐकलं नव्हतं. आणि तिथंच, त्या कौतुकाच्या गोडीतच, त्यांना पहिल्यांदा काहीतरी खुपलं.

हा माणूस नाही म्हणत नव्हता.

केंद्रात पाटी टांगणाऱ्याला फोन केला की तो आधी खेकसायचा. “थांब.” “कोण बोलतंय?” “बघून सांगतो, तोवर हात लावशील तर याद राख.” ज्याच्या शब्दावर दुसऱ्याचा जीव असतो, तो पटकन हो म्हणत नाही. आणि हा? आबांनी शब्द टाकला की तोच शब्द घासूनपुसून त्यांनाच परत मिळत होता. जय भीम दिला, जय भीम आला. आबा दिलं, आबा आलं. परमिट दिलं, परमिट आलं.

तार मेलेली आहे असं कुणीही शपथेवर सांगितलं, तरी हात लावण्याआधी तपासणीचा दांडा टेकवून बघायचा असतो. आबांनी दांडा टेकवला. घसा साफ करून म्हणाले, “साहेब, एक राहिलंच. पाटी काढण्याआधी तुमच्या बाजूनं तिन्ही फेजना अर्थिंग लावलंय ना?”

“हो आबा,” आवाज म्हणाला. “कधीच लावलंय.”

कार्डाला अर्थिंग! कार्डाला कुठली तार? त्यांनी फोनकडे पाहिलं, आणि फोनमध्ये कुणीतरी होतं.

त्यांचं बोट काचेला लागलेलंही नव्हतं आणि पडदा सरकत होता. बँकेचं पान आपोआप उघडलं. रिकाम्या चौकटीत एकेक अंक उमटत गेला. वरून मेसेज उतरला, त्यातला गुप्त आकडा कुणीतरी अलगद उचलला आणि खाली नेऊन ठेवला. आबा ‘मागे’ दाबत होते, फोन पुढे जात होता. स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच खुर्चीवर बसून एखाद्यानं आपलं कपाट उपसलं जाताना बघावं, आणि उपसणारा दिसू नये, तसं.

“हात लावू नका आबा,” आवाज मायेनं म्हणाला. “मधे हात लावला की काम बिघडतं.”

ओरडायचं? वत्सलाबाई धावत येतील. मोतीराम येईल. उद्या विहारात, परवा पुण्यात. रवी म्हणेल, बघा, म्हटलं नव्हतं? पडद्यावर छोटं गोल चक्र फिरायला लागलं. पैसे जाताना फिरतं ते.

मग काय झालं, ते त्यांच्या डोक्यानं ठरवलं नाही. पाय ठरवून मोकळे झाले. आबा उठले, दार ढकललं, पॅसेजमधून अनवाणी धावले आणि मीटरच्या पेटीतला चारही घरांचा मोठा खटका दोन्ही हातांनी खाली ओढला.

खाट.

सासू विषाच्या पेल्यासकट नाहीशी झाली. पंखे गरगरत थांबले. आणि आबांच्या कपाटावर लुकलुकणारा वायफायचा डबा विझला. आबा पक्के कंजूष. घरात फुकटचं वायफाय असताना फोनचा नेट ते कायम बंद ठेवत. त्यांच्या या सवयीची लताबाईंनी आजवर जेवढी थट्टा केली, तेवढी सगळी त्या एका क्षणी वसूल झाली. ते घरात परत आले तेव्हा चक्र फिरता फिरता अडकलं होतं.

पण फोन चालूच होता. अंधारात त्या काचेतून आवाज आला.

“आबा? लाईट घालवली का तुम्ही?”

आबांनी फोन हातात घेतला.

“आबा, नेट चालू करा.” मग थोडा थांबून, “नेट चालू कर, म्हाताऱ्या.” आवाज तोच, पण त्यातला तो पोरगा निघून गेला होता. “आम्हाला सगळं दिसतं. तुझी सगळी माणसं आहेत आमच्याकडे. सगळ्यांचे नंबर.”

आबांनी फोन बंद केला. बटण इतकं जोरात दाबलं की अंगठ्याचं नख काळं पडलं, ते पुढं बरेच दिवस तसंच होतं.

बाहेर गलका सुरू झाला होता. “अगं बाई, नेमकं आत्ताच!” ही वत्सलाबाई. चौथ्या घरातून मोतीराम बनियनवर बाहेर आला. “समोरच्या लायनीत तर लाईट हाय. आपलीच गेली का काय?”

आबा दारात उभे होते. फ्यूज उडाला म्हणायचं, झालं. कुणाला काय कळणार होतं? पेटीकडे जायचं, खुडबुड करायची, खटका वर सारायचा. कार्ड आपल्याकडे राहील, कारभार आपल्याकडे राहील, रवीला पत्ता लागणार नाही. तोंडाशी आलं होतं ते खोटं. पण कानात अजून तो आवाज होता. ‘घरात कुणाला बोलू नका.’ तो तरी दुसरं काय सांगत होता?

“मी पाडला,” आबा म्हणाले. नेहमीसारखं मोठ्यानं. “मी फसलोय. फोनमधून कुणीतरी माझं कार्ड साफ करत होतं, म्हणून पाडला.”

मोतीराम जवळ आला. तोंड उघडलं, आणि आता तो शब्द येणार म्हणून आबांनी मान खाली घातली.

“वास आला होता का?” मोतीरामनं विचारलं.

“आला होता. उशिरा.”

“आला ना, बस. बँकेला फोन लाव आधी. वत्सलाबाई, तुमचा फोन द्या.” मग वळून त्यानं खटक्याला हात घातला.

“हात लावू नको!” आबा ओरडले. “मी पाडलाय, मीच उचलीन.”

वत्सलाबाईंच्या फोनवरून त्यांनी बँकेला फोन लावला. ईमेलमधल्या नंबरला नाही. कार्डाच्या पाठीवर छापलेल्या नंबरला. अंधारात मोतीरामनं त्या नंबरावर बॅटरी धरली होती. कार्ड खरोखर बंद झालं, आबांच्या समोर, आबांच्या सांगण्यावरून. मग सायबर तक्रारीचा १९३०. पलीकडच्या बाईंनी खेकसून चार प्रश्न विचारले, “थांबा” म्हणाल्या, “बघून सांगते” म्हणाल्या. आबांना ते खेकसणं ऐकून रडूच यायचं बाकी राहिलं. एक छोटा व्यवहार निसटला होता. मोठा अडकला होता. गेलेले पैसे परत मिळतील की बुडतील, ते पुढं कळेल.

तेवढ्यात लताबाई विहारातून आल्या. सगळं ऐकून घेतलं. “अहो, मला का नाही बोलावलंत?” एवढंच म्हणाल्या. आबांनी जाऊन खटका वर सारला. दिवे आले, आणि दिव्यांबरोबर रवीला सांगायची वेळही आली.

आबांनी वत्सलाबाईंच्या फोनवरून पुण्याला नंबर लावला.

“रवी, मी आबा.”

“कोण आबा?” रवीचा आवाज दगडासारखा होता.

“अरे, मी. तुझा बाप.”

“हो? आत्ता पाच मिनिटांपूर्वी पण एक जण असंच आबांचं नाव घेऊन बोलत होता. म्हणे आबांना अपघात झालाय, पैसे पाठवा. माझं नाव, आईचं नाव, मनालीचं नाव, सगळं माहीत होतं. जय भीमसुद्धा म्हणाला. हा नंबर पण आबांचा नाही, आणि आवाज तर आता कुणाचाही काढता येतो. तुम्ही कोण आहात?”

आबा मटकन पायरीवर बसले. त्यांची माणसं. त्यांचे नंबर. फोनमधल्या त्या परवानग्या, इथं होय, तिथं होय. आवाज त्यांना सोडून त्यांच्या घरच्यांकडे गेला होता, आणि जाताना त्यांचं नाव, त्यांचं आबापण, त्यांचा जय भीम सगळं अंगावर चढवून गेला होता. आता खऱ्या बापाकडे असं काय उरलं होतं, जे त्या आवाजाकडे नव्हतं?

एक गोष्ट होती. आबांनी ती कुठल्याही फोनमध्ये कधी लिहिली नव्हती, नव्या कुणाला सांगितली नव्हती, सांगू दिली नव्हती.

त्यांनी डोळे मिटले. “मी ब्लॅकआउट पगारे बोलतोय,” ते म्हणाले.

पॅसेजमध्ये वत्सलाबाईंनी लताबाईंकडे पाहिलं, लताबाईंनी मोतीरामकडे, मोतीरामनं स्वतःच्या पायाकडे.

“आबा,” रवी शेवटी म्हणाला. त्याचा आवाज लहान झाला होता. “बरे आहात ना?”

आबांनी सांगितलं. सगळं सांगितलं, मनालीवर संशय घेतला तेही. ते सांगताना मात्र त्यांचा तो मोठा आवाज पार खाली गेला.

“ते कार्ड माझ्याकडे पाठवून द्या आबा,” रवी म्हणाला. “आता तरी.”

“नाही पाठवत. बंद मी केलंय, सुरू मीच करीन. बँकेत जाईन, समोर बसेन, तोंड बघेन माणसाचं. फोनवर नाही. तिकिटं लताला सांगतो, गल्लीतल्या पोरी काढतील. रागव पाहिजे तेवढं.”

रवी रागावला नाही. म्हणाला, “शनिवारी येतो. बँकेत बरोबर जाऊ. बाहेर थांबेन हवं तर.” मग त्यानं विचारलं, “आबा, तुमच्या फोनमध्ये किती जणांचे नंबर होते?”

त्या प्रश्नानं आबा उभे राहिले आणि फोन वत्सलाबाईंच्या हातात परत दिला.

पेठ गावची बहीण नवसाबाई. एकटी राहते, भावाच्या नावानं कुणी पाणी मागितलं तर विहीर देईल. तिची नात. विहाराचे अध्यक्ष. वणीचा साडू. केंद्रातली निवृत्त झालेली सगळी फौज, ज्यांची पोरं परगावी आणि पैसे बँकेत. त्यातल्या कुणाच्या हातात या घडीला फोन वाजत असेल, आणि पलीकडून एक मऊ आवाज म्हणत असेल, मला झुंबर आबांनी नंबर दिला.

“मोतीराम, तुझा फोन दे. तुझ्याकडे केंद्रातले सगळे असतील. लता, तू पेठला लाव, आधी नवसाला.”

“आणि काय सांगू?” लताबाई म्हणाल्या.

“सांग, तुझा भाऊ फसला. आणि पक्की ओळख म्हणून ते नाव सांग.”

“ते?”

“तेच.”

शेजारी वत्सलाबाईंचा फोन वाजला. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. अनोळखी नंबर. त्यांनी तो उचलला नाही, कापलाही नाही. चुलीतून निखारा उचलावा तसा दोन बोटांत धरून आबांकडे नेला. फोन वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजला. मग चौथ्या घरात, मोतीरामच्या बायकोचा वाजायला लागला. मग पहिल्या घरात.

“उचलू नका!” आबा पॅसेजभर ओरडले. तेव्हा अर्ध्या नाशिक रोडला अंधार झाला होता, या वेळी अर्ध्या सामनगाव रस्त्याला ऐकू गेलं. “कुणीही उचलू नका!”

मोतीरामच्या फोनवरून त्यांनी पहिला नंबर लावला. बॉयलरवरचे जुने सोबती, आता ऐकू कमी येतं. पलीकडे बराच वेळ वाजत राहिलं.

“जय भीम,” आबा म्हणाले. “मी ब्लॅकआउट पगारे.”

“अरे झुंबर!” म्हातारा खूश झाला. “पण तुझ्याकडून तर आत्ताच फोन आला होता ना? तुझ्या त्या पोराला कार्डाचा सगळा नंबर सांगितला की मी. लय गोड बोलतो रे. संघर्ष का कोण...”

लांब चिमण्यांवरचे लाल दिवे उघडझाप करत होते. आबांनी पायरीचा आधार घेतला. “ऐक,” ते म्हणाले, आणि आवाज चढवला, पलीकडे यंत्र धडधडतंय अशा बेतानं. “कार्ड हातात घे. पाठीवर नंबर आहे. दिसला का? मी फोन ठेवतो. तू तिथं लाव. आत्ता. तुला माझ्या नावानं पुन्हा फोन आला तर आधी माझं नाव विचार.”

“कुठलं नाव?”

“मोतीरामनं ठेवलेलं,” आबा म्हणाले आणि पुढचा नंबर लावला.